ध्रुवीय वाळवंटांतील जलरसायन

अतिशीत हवामान व अत्यल्प वर्षण (पाऊस, हिम इ.) यांमुळे ध्रुवांजवळ कोरडी पडलेली जी बर्फरहित भूमी आढळते, तिला ध्रुवीय वाळवंट म्हणतात. तेथील सरोवरे, तळी व उन्हाळ्यापुरते वाहणारे प्रवाह यांच्या पाण्यात कोणती द्रव्ये विरघळलेली असतात, ती कोठून येतात आणि कालांतराने त्यांच्यात कसे बदल होतात, यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. या पाण्यांत विलक्षण विविधता आढळते. एकाच दरीत काही किलोमीटर अंतरावर जवळजवळ गोडे सरोवर व समुद्रापेक्षा अनेक पटींनी खारे सरोवर शेजारी असू शकतात. या विविधतेचे कारण खडकांपेक्षा पाण्याच्या इतिहासात अधिक सापडते. म्हणूनच येथील पाण्याचे विश्लेषण हे गतकालीन हवामान समजून घेण्याचे एक महत्त्वाचे साधन ठरले आहे.

येथील बहुतेक सरोवरांना बाहेर पडण्यास वाट नसते. त्यांत येणारे पाणी बाष्पीभवनाने, अथवा पृष्ठावरील बर्फाच्या संप्लवनाने (घनरूपातून द्रवरूपात न जाता एकदम वायुरूपात जाण्याने) हवेत निघून जाते. पाण्याबरोबर आलेली लवणे मात्र मागे राहतात. उष्ण वाळवंटातील मृत समुद्रासारख्या सरोवरांनाही हाच नियम लागू आहे. पण ध्रुवीय प्रदेशात त्याला गोठण्याच्या क्रियेची जोड मिळते. बर्फाच्या स्फटिकात लवणांचे आयन (विद्युत् भारित अणू वा अणुगट) सामावले जात नाहीत; ते उरलेल्या द्रवात ढकलले जातात व त्या द्रवाची संहती (विरघळलेल्या पदार्थाचे प्रमाण) वाढत जाते. समुद्राचे पाणी हळूहळू गोठविल्यास सु. −२° से. ला कॅल्शियम कार्बोनेट, −६° ते −८° से. च्या दरम्यान मिराबिलाइट (स्फटिकजल असलेले सोडियम सल्फेट) व सु. −२३° से. ला हायड्रोहॅलाइट (स्फटिकजल असलेले सोडियम क्लोराइड) अशा क्रमाने लवणे साक्याच्या रूपात बाहेर पडतात. या क्रमात सल्फेट लवकर व क्लोराइड उशिरा जात असल्याने शेवटी उरणाऱ्या द्रवात मॅग्नेशियम व कॅल्शियम यांची क्लोराइडे प्रामुख्याने राहतात. मीठ व पाणी यांचे मिश्रण सु. −२१° से. ला पूर्णपणे गोठते. कॅल्शियम क्लोराइडाचा योग्य संहतीचा विद्राव मात्र सु. −५०° से. पर्यंत द्रव राहू शकतो. कडाक्याच्या थंडीत जे पाणी वाहते वा साचून राहते त्यात कॅल्शियम क्लोराइड का असते, याचे हे एक उत्तर होय.

लवणांचे उगम : लवणे मुख्यत्वे चार मार्गांनी येतात. समुद्राच्या तुषारांतील लवणे वाऱ्याबरोबर आत येऊन हिमाबरोबर जमिनीवर पडतात. वातावरणात तयार झालेली नायट्रेटे व सल्फेटे अशीच खाली येतात आणि धुऊन नेणारा पाऊस नसल्याने हजारो, क्वचित लाखो वर्षे मातीत साचतात. नायट्रेट इतके विद्राव्य असूनही उंचावरील जुन्या मातीत टिकून आहे, यावरून त्या मातीच्या कोरडेपणाची कल्पना येते. तिसरा उगम म्हणजे खडकांची वातावरणक्रिया (हवा व पाणी यांच्यामुळे होणारे अपघटन), तर चौथा म्हणजे पूर्वी दऱ्यांत शिरलेल्या समुद्राचे मागे अडकून राहिलेले पाणी. यांपैकी कोणता उगम किती महत्त्वाचा, हे ठरविण्यासाठी आयनांची परस्परप्रमाणे व मूलद्रव्यांचे समस्थानिक (अणुक्रमांक तोच पण अणुभार भिन्न असलेले प्रकार) यांचा उपयोग करतात.

मॅकमर्डो शुष्क दऱ्या : अंटार्क्टिकातील व्हिक्टोरिया लँडमधील हा प्रदेश या विषयाच्या अभ्यासाचे प्रमुख क्षेत्र आहे. सु. ७७° ते ७८° द. अक्षांशांदरम्यान पसरलेल्या या दऱ्यांत बर्फरहित भूमी सु. ४,५०० चौ. किमी. असून तेवढा मोठा उघडा प्रदेश अंटार्क्टिका खंडात दुसरा नाही. खंडावरील हिमस्तराचे या बाजूस येणारे बर्फ ट्रान्सअंटार्क्टिक पर्वतरांगेने अडविले जाते. दऱ्यांच्या तळाशी वार्षिक सरासरी तापमान −१५° ते −३०° से. च्या दरम्यान असते. वार्षिक वर्षण पाण्याच्या स्वरूपात मोजल्यास काही ठिकाणी ३ मिमी. इतके कमी, तर काही ठिकाणी ५० मिमी. पर्यंत भरते. त्यातील बहुतेक हिम वितळण्यापूर्वीच कोरड्या वाऱ्याने उडून जाते. रॉबर्ट फाल्कन स्कॉट यांच्या तुकडीने १९०३ मध्ये यांपैकी टेलर दरी प्रथम पाहिली. ग्रिफिथ टेलर यांनी १९११ मध्ये तिचे भूवैज्ञानिक सर्वेक्षण केले. पद्धतशीर रासायनिक अभ्यासास १९५७–५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्षानंतर सुरुवात झाली. त्यात न्यूझीलंड, अमेरिका व जपान येथील शास्त्रज्ञांचा वाटा मोठा आहे. १९९३ पासून टेलर दरीतील प्रवाह व सरोवरे यांचे दीर्घकालीन निरीक्षण अखंड चालू आहे.

प्रवाहांचे रसायन : या दऱ्यांत झरे जवळजवळ नाहीत व पावसाचे पाणीही नाही. उन्हाळ्यात, म्हणजे नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत, हिमनद्यांच्या उभ्या कडा उन्हाने वितळून जे पाणी सुटते तेच सहा ते दहा आठवडे प्रवाहांतून वाहते. ढगाळ हवा आली किंवा हिमनदीचा कडा सावलीत गेला की, प्रवाह आटतो. त्यामुळे एकाच दिवसात प्रवाहाचे मान अनेक पटींनी कमीजास्त होते. खंडातील सर्वांत लांब प्रवाह ओनिक्स नदी (लांबी सु. ३२ किमी.) हा राइट दरीत समुद्राकडे न जाता उलट दिशेने आत वाहत जाऊन व्हँडा सरोवरास मिळतो.

हिमनदीपासून सुटलेले पाणी जवळजवळ ऊर्ध्वपातित पाण्याइतके शुद्ध असते. सरोवरात पोहोचेपर्यंत मात्र त्यात कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट व सिलिका यांचे प्रमाण वाढते आणि प्रवाह जितका लांब तितकी ही वाढ अधिक असते. अतिशीत प्रदेशात रासायनिक वातावरणक्रिया नगण्य असते, असे पूर्वी मानले जाई. या प्रवाहांच्या अभ्यासाने ती समजूत बदलावी लागली. प्रवाहाच्या पात्राखाली व दोन्ही काठांस वाळू-गोट्यांचा एक ओला पट्टा असतो. त्याखालची जमीन कायमची गोठलेली असल्याने पाणी खोल मुरत नाही. ते या पट्ट्यात शिरते व पुन्हा पात्रात येते. हिमनद्यांनी दळून बारीक केलेल्या खडकाच्या ताज्या कणांशी अशा रीतीने त्याचा वारंवार संपर्क येतो. पट्टा दरवर्षी गोठतो व वितळतो, त्यामुळे कणांचे नवे पृष्ठभाग उघडे पडत राहतात. परिणामी पात्राच्या दर एकक क्षेत्रामागे सिलिकेटी खनिजांचे अपघटन उबदार हवामानातील काही नदीखोऱ्यांच्या तोडीचे, किंबहुना त्याहूनही जलद होते. वातावरणक्रियेस उष्णतेपेक्षा पाण्याच्या सान्निध्याची अधिक गरज असते, हे येथे स्पष्ट दिसते.

मोसमाच्या आरंभी येणाऱ्या पहिल्या पाण्यात लवणांचे प्रमाण बरेच अधिक असते. आदल्या शरद ऋतूत पात्रातील पाणी गोठताना व सुकताना जी लवणे गोट्यांवर पांढऱ्या पापुद्र्याच्या रूपात राहिलेली असतात, ती या पाण्यात प्रथम धुतली जातात. पात्रातील सजीवांचाही रसायनावर प्रभाव पडतो. नीलहरित शैवले व करंडक वनस्पती यांचे काळे, नारिंगी वा हिरवे थर दगडांवर पसरलेले असतात. वर्षातील दहा महिने ते वाळून गोठलेल्या अवस्थेत असतात, पण पाणी येताच अल्पावधीत त्यांचे प्रकाशसंश्लेषण सुरू होते. सु. वीस वर्षे कोरड्या पडलेल्या एका जुन्या पात्रात १९९० नंतरच्या दशकात मुद्दाम पाणी वळविले असता तेथील थर सु. आठवड्याभरात कार्यक्षम झाल्याचे आढळले. हे थर पाण्यातील नायट्रेट व फॉस्फेट शोषून घेतात. त्यामुळे लांब प्रवाह सरोवरास खनिज द्रव्ये अधिक पण नायट्रेट कमी पुरवितो, तर आखूड प्रवाहाने हिमनदीतील नायट्रेट जवळजवळ तसेच सरोवरात जाते.

सरोवरांचे रसायन : दऱ्यांतील बहुतेक मोठ्या सरोवरांवर ३ ते ६ मी. जाडीचा कायमचा बर्फाचा थर असतो. वरून संप्लवनाने त्याची झीज होते व खालून नवे बर्फ जमत जाते. उन्हाळ्यात काठालगत पाण्याचा अरुंद खंदक मोकळा होतो; एरवी सरोवर झाकलेलेच राहते. या झाकणाचे तीन परिणाम होतात. वारा पाणी ढवळू शकत नाही. वायूंची हवेशी देवाणघेवाण फारशी होत नाही; बर्फ जमताना वायूही खाली ढकलले जातात व त्यांत शैवलांनी सोडलेल्या ऑक्सिजनाची भर पडते, त्यामुळे वरच्या पाण्यात ऑक्सिजनाचे प्रमाण हवेशी समतोल असलेल्या पाण्याच्या तीन-चार पट भरू शकते. तिसरे म्हणजे थोडा सूर्यप्रकाश बर्फातून खाली पोहोचतो, पण त्याने मिळालेली उष्णता सहजासहजी परत जात नाही.

व्हँडा सरोवरात या तिन्ही परिणामांचा संगम दिसतो. सु. ७५ मी. खोल असलेल्या या सरोवराचे वरचे पाणी स्वच्छ व गोडे आहे. तळाशी मात्र समुद्राच्या सु. तिप्पट खारे, कॅल्शियम क्लोराइडप्रधान पाणी असून त्याचे तापमान सु. २५° से. असते. बाहेर वार्षिक सरासरी −२०° से. च्या आसपास असताना तळाशी मुंबईच्या हिवाळ्यातील उबेसारखे पाणी असावे, याचे संशोधकांना मोठे नवल वाटले व उष्णता भूगर्भातून येत असावी, असे काहींनी मानले. ए. टी. विल्सन व एच. डब्ल्यू. वेलमन यांनी १९६२ मध्ये निराळे स्पष्टीकरण मांडले : व्हँडावरील बर्फ अतिशय पारदर्शक असल्याने सौर प्रारण खोलवर पोहोचते, तळचे पाणी लवणांमुळे जड असल्याने तापले तरी वर येत नाही, म्हणून उष्णता शतकानुशतके साचत गेली. पुढे शुष्क दऱ्या वेधन प्रकल्पात (१९७१–७६) सरोवराखालच्या गाळात छिद्र घेतले असता खाली जावे तसे तापमान उतरत असल्याचे दिसले. उष्णता खालून येत असती, तर ते चढावयास हवे होते. त्यामुळे हा वाद सौर स्पष्टीकरणाच्या बाजूने मिटला.

याच सरोवरात विल्सन यांना एक घड्याळही सापडले. जड खाऱ्या पाण्यावर गोडे पाणी येऊन बसले की, लवणे विसरणाने (रेणूंच्या स्वैर गतीमुळे होणाऱ्या प्रसाराने) वर सरकू लागतात. ढवळणारे काही नसल्याने हा प्रवास अत्यंत मंद असतो. हजार वर्षांतही तो दहा मीटरांच्या आसपासच होतो. निरनिराळ्या खोलीवरील क्लोराइडाचे प्रमाण मोजून १९६४ मध्ये त्यांनी असे दाखविले की, सु. १,२०० वर्षांपूर्वी व्हँडा आटत जाऊन खाऱ्या पाण्याचे एक उथळ डबके उरले होते आणि त्यानंतर हवामान बदलून त्यावर हिमनद्यांचे गोडे पाणी साचत गेले. ज्या खंडात झाडांची वर्तुळे वा लिखित नोंदी नाहीत, तेथे केवळ पाण्याच्या विश्लेषणाने मिळालेली ही तारीख या शाखेचे सर्वांत मोठे यश मानावे लागेल.

टेलर दरीतील तीन सरोवरांची तुलना याला पूरक आहे. फ्रिक्सेल सरोवर (खोली सु. २० मी.) मचूळ, सोडियम व बायकार्बोनेट यांनी युक्त असून त्याच्या खालच्या थरांत ऑक्सिजन नाही, तेथे सूक्ष्मजंतूंनी सल्फेटाचे क्षपण केल्याने हायड्रोजन सल्फाइड साचले आहे. त्याच्या शेजारचे होअर सरोवर मात्र गोडे आहे. शुष्क काळात ते पूर्णपणे आटले, उघड्या पडलेल्या तळावरील लवणे वाऱ्याने उडून गेली व नंतर ते नव्याने भरले, असे मानतात. दरीच्या वरच्या टोकास असलेल्या बॉनी सरोवराचे दोन खंड उथळ सामुद्रधुनीसारख्या चिंचोळ्या भागाने जोडलेले आहेत. दोन्ही खंडांच्या तळाशी समुद्रापेक्षा कित्येक पट खारे, मुख्यतः सोडियम क्लोराइडयुक्त पाणी आहे. पश्चिम खंडाच्या तळाशी ते शून्याखाली ४° ते ५° से. असूनही द्रव आहे, तर पूर्व खंडाच्या तळावर हायड्रोहॅलाइटाचे स्फटिक साचले आहेत. पूर्व खंडातील खोल पाण्यात नायट्रस ऑक्साइड वायू हवेशी समतोल असलेल्या पाण्याच्या हजारो पट आढळतो. पश्चिम खंडात नायट्रेटाचे नायट्रोजनात रूपांतर करणारे सूक्ष्मजंतू आपले काम करतात. पूर्व खंडात तेवढ्याच अनुकूल भासणाऱ्या परिस्थितीत ते थांबले आहे. याचे सर्वमान्य स्पष्टीकरण मिळालेले नाही.

बॉनीच्या पश्चिम टोकास टेलर हिमनदीच्या कड्यातून अधूनमधून लाल पाणी पाझरते. १९११ मध्ये दिसलेल्या या ‘रक्त धबधब्या’चा रंग प्रथम शैवलांमुळे असावा असे वाटले होते, तो लोहाचा आहे. हिमनदीखाली अडकलेल्या प्राचीन सागरी पाण्यातील क्षपित लोहाचे हवेशी संपर्क येताच ऑक्सिडीभवन होते व गंज बर्फावर पसरतो. हे खारे पाणी दहा लाखांहून अधिक वर्षे प्रकाशापासून तुटलेले असूनही त्यात सूक्ष्मजंतू जगतात आणि लोह व गंधक यांच्या रासायनिक स्थित्यंतरांतून ऊर्जा मिळवितात, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

राइट दरीच्या दक्षिण शाखेतील डॉन वॉन हे तळे १९६१ मध्ये आढळले. ते ज्या दोन हेलिकॉप्टर-चालकांना प्रथम दिसले, त्यांच्या पहिल्या नावांवरून त्याचे नाव पडले. त्याची खोली जेमतेम १० सेंमी. च्या आसपास असते, पण वजनाने सु. ४० टक्के लवण असलेले त्याचे पाणी पृथ्वीवरील सर्वांत खाऱ्या पाण्यांपैकी एक असून या लवणांत नव्वद टक्क्यांहून अधिक भाग कॅल्शियम क्लोराइडाचा आहे. कडक हिवाळ्यातही ते सहसा गोठत नाही. जपानी शास्त्रज्ञ टोरी व ओसाका यांना १९६५ मध्ये येथे कॅल्शियम क्लोराइडाचे स्फटिकजलयुक्त खनिज नैसर्गिक अवस्थेत प्रथमच सापडले व त्यास अंटार्क्टिसाइट हे नाव देण्यात आले. या पाण्यात सजीवांना उपयोगी पडेल असे मुक्त पाणी इतके कमी आहे की, ज्ञात सूक्ष्मजंतूंची त्यात वाढ होणे संभवनीय वाटत नाही. तरीही तेथे नायट्रस ऑक्साइड निर्माण होतो. तो खडकातील लोह व पाण्यातील नायट्रेट यांच्या निर्जीव विक्रियेतून येतो, असे २०१० मध्ये दाखविण्यात आले. एखाद्या ग्रहावर विशिष्ट वायू आढळला म्हणजे तेथे जीवसृष्टी आहे, हे अनुमान किती जपून करावे लागते, हे यावरून ध्यानात येते.

एवढे कॅल्शियम आले कोठून, या प्रश्नाबाबत मतभेद आहेत. एका मताप्रमाणे खोलवरचे भूजल तळ्यात झिरपते. दुसऱ्या मताप्रमाणे उतारावरील मातीतील लवणे हवेतील आर्द्रता शोषून स्वतःच विरघळतात व गोठलेल्या जमिनीवरून तळ्याकडे सरकतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रमालिकेत असे ओले पट्टे हवेतील आर्द्रतेबरोबर वाढताना दिसले होते. मातीतून झिरपताना पाण्यातील सोडियम मातीच्या कणांवर बसते व त्यांवरील कॅल्शियम पाण्यात येते, या आयन-विनिमयाचाही त्यात भाग आहे. मंगळावरील अतिशीत व शुष्क भूमीत द्रवरूप पाणी टिकू शकेल काय, याच्या अभ्यासासाठी या तळ्याकडे विशेष लक्ष दिले जाते.

इतर ध्रुवीय प्रदेश : पूर्व अंटार्क्टिकातील व्हेस्टफोल्ड टेकड्यांत शेकडो सरोवरे व तळी आहेत. हिमस्तराचा भार कमी झाल्यावर भूमी उचलली गेली व समुद्राच्या खाड्या तुटून त्यांची सरोवरे बनली. त्यामुळे तेथील खाऱ्या पाण्यातील आयनांची प्रमाणे शुष्क दऱ्यांतल्यापेक्षा समुद्राशी अधिक जुळतात. तेथील डीप सरोवर समुद्रसपाटीखाली सु. ५० मी. असून समुद्राच्या सु. दसपट खारे आहे व हिवाळ्यातही गोठत नाही.

याउलट, भारताचे मैत्री स्थानक (१९८९) ज्या शिर्माकर टेकड्यांत आहे तेथील शंभरांहून अधिक सरोवरांपैकी बहुतेकांचे पाणी अत्यंत अल्प लवणयुक्त आहे. हिमस्तराच्या कडेने दर उन्हाळ्यात वितळणारे पाणी त्यांत भरते आणि अनेक ठिकाणी ते बाहेरही वाहून जाते, म्हणून लवणे साचत नाहीत. स्थानकाशेजारचे प्रियदर्शिनी सरोवर हेच तेथील वस्तीच्या पाण्याचा आधार आहे. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम १९८१ मध्ये गोव्याहून निघाली होती व तेथील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र या मोहिमांचे संयोजन करते. या सरोवरांच्या पाण्याचे व गाळाचे परीक्षण हा भारतीय संशोधनाचा एक नियमित विषय आहे. उत्तर ध्रुवाकडील प्रदेशांपैकी कॅनडाच्या ॲक्सेल हायबर्ग बेटावर शेकडो मीटर जाडीच्या गोठलेल्या जमिनीतून खारे झरे वर्षभर वाहतात. भूगर्भातील जिप्सम व मीठ यांच्या थरांतून आल्याने त्यांचा गोठणबिंदू उतरलेला असतो. [→ अंटार्क्टिका, सरोवरे].

बदलती स्थिती : स्कॉट यांच्या तुकडीने १९०३ मध्ये बॉनी सरोवराच्या दोन खंडांमधील चिंचोळा भाग मोजला, तेव्हा तो सु. ५ मी. रुंद होता. त्यानंतर सरोवराची पातळी १५ मी. हून अधिक चढली असून ती सामुद्रधुनी कितीतरी रुंद झाली आहे. ही वाढ एकसारखी नाही. १९९० नंतरच्या दशकात उन्हाळे थंड झाल्याने पातळी उतरली होती, पण २००१–०२ च्या असाधारण उबदार उन्हाळ्यात एका मोसमातच टेलर दरीतील सरोवरांची ती घट भरून निघाली. अशा पुरात गाळ, नायट्रेट व मातीतील लवणे एकदम आत येतात. पूर्वी कधीही न भिजलेली, लवणांनी भरलेली काठाची जमीन पाण्याखाली जाते. वरच्या गोड्या थराची जाडी वाढल्याने तळाकडे पोहोचणारा प्रकाश कमी होतो. बर्फाचे झाकण काही उन्हाळ्यांपुरते जरी पूर्णपणे नाहीसे झाले, तर वारा वरचे थर ढवळू लागेल आणि विसरणाने शतकानुशतके आखलेली लवणांची रेषा त्या खोलीपर्यंत पुसली जाईल. हिमनद्यांतील गाभे बदलले तरी दुसरीकडे घेता येतात. या सरोवरांची मात्र दुसरी प्रत नाही.

मानवी हस्तक्षेपाचा प्रश्नही लहान नाही. पाणी इतके अल्प लवणयुक्त व जीवसृष्टी इतकी विरळ असते की, सांडपाण्याचा वा इंधनाचा थोडासा अंशही मोजणीत दिसतो. शुष्क दऱ्यांना २००४ मध्ये अंटार्क्टिक करारपद्धतीखाली विशेष व्यवस्थापित क्षेत्राचा दर्जा देण्यात आला असून तेथे काम करणाऱ्यांना सांडपाणी व कचरा दरीबाहेर न्यावा लागतो. व्हँडा सरोवराच्या काठी न्यूझीलंडने १९६८ मध्ये उभारलेले व्हँडा स्थानक सरोवराची पातळी चढत आल्यामुळे १९९० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात उतरवावे लागले. इमारतींबरोबर त्यांच्या परिसरातील दूषित मातीही पाणी तेथवर पोहोचण्यापूर्वी खणून नेण्यात आली.